मागनं ढकलायची सवय

आमच्या विहिरीवर एक नियम होता. काठावर उभं राहून पाण्याकडं बघत बसायचं नाही. चपला काढल्या, कपडे काढले, की उडी. दहा मोजेपर्यंत जो उडी मारणार नाही त्याला मागून ढकलायचं. नियम मीच केला होता आणि ढकलायचं कामही माझ्याकडंच होतं. तीस वर्षं ते मी इमानेइतबारे केलं. आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे, आणि हे लिहायला बसलोय ते त्या कामाची लाज वाटते म्हणून.

विहीर गडमुडशिंगीच्या वाटेवर, उसाच्या रानात. मालक ओळखीचा. त्याच्या पंपाचं काही बिघडलं की मी दुरुस्त करून द्यायचो, म्हणून आम्हा बारा-पंधरा म्हाताऱ्यांना सकाळी पोहायला मोकळीक. उद्यमनगरात माझा लेथचा कारखाना होता, आता पोरगा बघतो. सगळे मला मिस्त्री म्हणतात. जन्मभर मशीनच्या वर आवाज काढून बोललो, तो आवाज काही खाली आलाच नाही. घरात साधं मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटतं, भांडण लागलं.

त्या विहिरीवर आप्पा आले ते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. मूळचे नेसरीकडचे, वीरशैव, शहरात कापडाचं दुकान. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, ते पोहतानाही काढायचे नाहीत, दोरा आखूड करून घ्यायचे. गुडघ्यासाठी डॉक्टरनं पोहायला सांगितलं होतं, पण पोहता कुठं येत होतं? तरंगायला पाठीला रिकामा डबा बांधून पायरीवर उभे राहिले आणि पाण्याकडं बघत बसले. मी दहा मोजले आणि दिला धक्का. खाली गेले, वर आले, कानडीत काहीतरी ओरडले. त्याचा अर्थ मी अजून विचारतोय आणि ते अजून सांगत नाहीत. दोन महिन्यांत मात्र असे शिकले की बघत राहावं. सावकाश, पाणी न उडवता, एकेक फेरी तोंडातल्या तोंडात मोजत. वंदू, येरडू, मूरू. वीस झाल्या की बाहेर.

पुढं अठरा वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, की मिस्त्रीनं ढकललं म्हणून मी पवायला शिकलो, न्हाईतर काठावरच म्हातारा झालो असतो. हे ऐकून ऐकून मला माज चढला. माणसाचं भलं करायचं असेल तर त्याला मागनं ढकलावं, असं मला खरोखरच वाटायला लागलं.

तीन वर्षांपूर्वी आमच्यातला एक म्हातारा गेला. प्रोस्टेटचा कॅन्सर, कळला तेव्हा हाडापर्यंत पोचलेला. मी भ्यालो. भ्यालो की मी मोठ्यानं बोलतो, हा माझा जन्माचा रोग आहे. तेराव्याला जेवताना मी जाहीर करून टाकलं, की सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांनी रक्ताची ती पीएसए का काय तपासणी करायची म्हणजे करायची. कुणी कुरकुर करायला लागला की मी त्याच्यावर आवाज चढवायचो. शेवटी लॅबचा माणूस थेट विहिरीवरच बोलावला. एका सकाळी आठ म्हातारे ओल्या चड्ड्यांवर, खांद्यावर टॉवेल टाकून, दंड पुढं करून पायरीवर बसले होते. मी मधोमध उभा राहून सुई बघून तोंड फिरवणाऱ्यांची टिंगल करत होतो.

माझं रक्त मी दिलं नाही. माझी गेल्याच वर्षी झालीय, असं सांगितलं. साफ खोटं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण आमच्या मास्तरांनी फळ्यावर लिहून दिली होती, तेव्हा ती माझ्यासाठी आहे हे कळलं नाही.

सगळ्यांचे रिपोर्ट ठीक आले, आप्पांचा आकडा तेवढा जरा चढा. त्यांना त्रास काही नव्हता. रात्री एकदा लघवीला उठायचे, ते तर सगळेच उठतात. मी त्यांना स्कूटरवर घालून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी पहिलं विचारलं, तपासणी करायला कुणी सांगितलं? मी छाती पुढं काढून म्हटलं, मी. ते म्हणाले, या वयात त्रास नसताना आम्ही सहसा हे शोधत बसत नाही. पण आता दिसलंय म्हटल्यावर बघायला पाहिजे. मग स्कॅन झालं, सुईनं तुकडे काढून तपासले. कॅन्सर निघाला. लहान, हळू चालणाऱ्या जातीचा.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी गाठ असते, तीच प्रोस्टेट, पुरुषाच्या वयाबरोबर ती वाढते, त्यात हे एवढंसं. वाटा तीन आहेत म्हणाले. ऑपरेशन करून गाठ काढायची. किरणं द्यायची. किंवा लक्ष ठेवायचं, म्हणजे सहा-सहा महिन्यांनी रक्त, मधूनमधून स्कॅन, लागलं तर पुन्हा तुकडा, आणि वाढतंय असं दिसलं तरच हात लावायचा. तुमच्या वयाला मी लक्ष ठेवायला सांगीन, म्हणाले. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, काहींचा महिन्या-दोन महिन्यांनी परत येतो, काहींचा येत नाही. असला कॅन्सर अंगात असून बरीच माणसं म्हातारी होऊन दुसऱ्याच कशानं तरी जातात. घाई नाही, घरी बोला, ठरवा.

आप्पा बाहेर आले ते हलके होऊन आले. मला म्हणाले, चल, चहा घेऊया. मी रस्त्यातच भडकलो. कॅन्सर अंगात ठेवून चहा प्यायचा? बघत बसायचं म्हणजे काय इलाज झाला काय? आप्पा म्हणाले, डॉक्टरला आपल्यापेक्षा जास्त कळतंय की. त्यांनी चहा घेतला. मी घेतला नाही.

पुढचे पंधरा दिवस मी जे केलं, ते आता लिहितो. आप्पांनी ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला आणि मला सांगितली होती. मी ती दुसऱ्याच दिवशी विहिरीवर सगळ्यांना सांगितली. आणि रोज, आप्पा पायरीवर उभे राहिले की सगळ्यांच्या देखत म्हणायचो, आप्पा, काठावर उभं राहायचं न्हाई, नियम ठाऊक हाय न्हवं? सगळे हसायचे. आप्पाही हसायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी मी म्हटलं, एवढा भित्रा गडी मी बघितला नव्हता. त्या दिवशी आप्पा हसले नाहीत. वीस फेऱ्यांच्या ऐवजी नऊ मारून बाहेर आले आणि अंग न पुसताच सदरा घातला.

वहिनींचा मला फोन आला. म्हणाल्या, त्यांना जरा विचार करू दे की, रात्रभर जागेच असत्यात. मी त्या माउलीला काय म्हणालो माहीत आहे? म्हटलं, वहिनी, विचार करण्यातच माणसं जातात. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला लाजही नव्हती.

पहिले डॉक्टर ऑपरेशनला उत्सुक नाहीत म्हटल्यावर मीच दुसऱ्या गावातला दवाखाना शोधला. तिथल्या डॉक्टरनंही धोके लपवले नाहीत. दोनदा सांगितले, सही घेण्याआधी आप्पांच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारलं, हा निर्णय तुमचा आहे ना? आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग ते म्हणाले, व्हय. ऑपरेशन आप्पांचं झालं, पण मान माझी हलली होती.

ऑपरेशन छान झालं. रक्तातला आकडा शून्यावर आला. मी विहिरीवर पेढे वाटले. आप्पाला आपण वाचवला, असं म्हणालो. आपण म्हणालो, म्हणजे मी.

आप्पा मात्र विहिरीवर आले नाहीत. तीन महिने झाले, सहा झाले. विचारलं की पाणी गार लागतंय म्हणायचे. चैत्रातसुद्धा पाणी गार! मी घरी जायचो तेव्हा ते लाकडी खुर्चीवर बसलेले असायचे, खाली जाड टॉवेल. पूर्वी मला सोडायला फाटकापर्यंत यायचे, आता खुर्चीवरूनच हात करायचे. मला वाटलं, रागावलेत. मनात म्हटलं, जीव वाचवला त्याचं हे बक्षीस.

एकदा मी असाच बसलो होतो आणि जुन्या गोष्टी निघाल्या. त्यांच्या पहिल्या दिवसाची, पाठीवर डबा बांधल्याची नक्कल मी करून दाखवली. आप्पांना हसू आवरेना. खूप दिवसांनी ते असे हसले, आणि हसता हसता एकदम थांबले. चेहरा बदलला. उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. पायजमा मागून पार पोटरीपर्यंत ओला झाला होता. वहिनी आतून आल्या आणि आप्पांच्या कमरेला टॉवेल गुंडाळला. मी समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचत बसलो.

"मिस्त्री," भिंतीकडं बघतच आप्पा म्हणाले, "तू जा आता."

फाटकाशी वहिनींनी सांगितलं. डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम रोज करतात, गोळ्या झाल्या, काही उपयोग नाही. खोकलं, वाकलं, हसलं की होतंय. म्हणून हसणं कमी केलंय. पॅड लावतात, पण त्याचा भरवसा नाही, म्हणून दुकानात जात नाहीत, लग्नाकार्याला जात नाहीत. सकाळी पूजेला बसतात, हातात लिंग घेतात, आणि मधेच ओलं झालं की उठतात, आंघोळ करून परत बसतात. आमच्यात विटाळ म्हणून काही नसतोय हो, मी लाख सांगते, वहिनी म्हणाल्या, पण त्यांच्या मनालाच पटत न्हाई. काल तीनदा आंघोळ केली.

त्यांच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान मला उलटून बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुणीतरी विचारलं, आप्पा कसे हाईत? मी म्हटलं, एकदम मस्त.

मग माझी पाळी आली. मला लघवीला दहा-दहा मिनिटं लागायला लागली. बायकोनं बाथरूमच्या दारावर थाप मारून मारून एक दिवस थेट रिक्षाच बोलावली आणि मला त्याच शांत डॉक्टरांकडं नेलं. रक्त, स्कॅन, सुई, सगळं ओळीनं झालं. अडथळ्याला गोळ्या मिळाल्या, पण तुकड्यात कॅन्सरही निघाला. लहान, हळू चालणारा, अगदी आप्पांसारखा. डॉक्टरांनी तसाच कागद ओढला, तसंच चित्र काढायला घेतलं. वाटा तीन आहेत, म्हणाले. मी त्यांना दुसरी वाटसुद्धा सांगू दिली नाही.

"लक्ष ठेवूया," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, तुमच्या मित्राला मी हेच सांगितलं होतं. टोमणा नव्हता त्यात. नुसती आठवण होती. माझी मान जी खाली गेली ती बायकोनं दंडाला धरून बाहेर काढेपर्यंत वर आली नाही.

वर्षभर मी हे लपवलं. रक्त द्यायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचो, ओळखीचं कुणी दिसलं की साखर बघायला आलोय म्हणायचो. विहिरीवर जायचो, पण तिथंही माझं काही खरं राहिलं नव्हतं. एक नवा माणूस आला, साठीचा, पायरीवर उभा राहून पाण्याकडं बघत बसला. सगळ्यांनी मोठ्यानं दहा मोजले आणि माझ्याकडं बघितलं. माझा हातच उठेना. म्हटलं, राहू दे, बघू दे त्याला पाणी. लोकांना वाटलं, मिस्त्री म्हातारा झाला.

बायको माझी कमी बोलणारी. आप्पांना सांगितलं का, एवढंच ती महिन्यातनं एकदा विचारायची, आणि मी सांगतो म्हणायचो. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "दुसऱ्याचा कॅन्सर बारा जणांत वाटून आलासा. सोताचा एकाला सांगवंना व्हय?"

मी तसाच उठलो आणि आप्पांच्या घरी गेलो.

वाटेत बोलायचं सगळं जुळवलं होतं, पण खुर्चीवर त्यांना बघितलं आणि सगळं उलटंसुलटं झालं. आधी विहिरीवरच्या रक्ताचं सांगितलं, की मी दिलंच नव्हतं. मग माझ्या कॅन्सरचं. मग हे की मी ऑपरेशन केलं नाही, नुसतं लक्ष ठेवलंय. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकं हळू बोललो असेन, आप्पांना दोनदा कान पुढं करावा लागला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, कधी कळलं? मी म्हटलं, गेल्या श्रावणात. ठरवायला किती दिवस लागले? मी खरं सांगितलं, एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"मला पंधरा दिस झोपू दिलं न्हाईस तू," आप्पा म्हणाले.

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागं ओढले. मी म्हटलं, आप्पा, माफ करा मला, शिव्या घाला, काय वाटेल ते बोला. "माफ करून माझं काय वाळणार हाय?" आप्पा म्हणाले. आणि वर म्हणाले, हो म्हणणारं तोंड माझंच हुतं. तेवढं एक वाक्य त्यांनी माझ्यासाठी म्हटलं, हे मला कळलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. वहिनींनी चहा आणला. या वेळी मी घेतला.

निघताना त्यांनी विचारलं, पुढची तपासणी कधी? रक्त दिलंय, मंगळवारी डॉक्टरकडं जायचंय, मी म्हटलं. ते म्हणाले, मी येतो. मी नको नको म्हणत होतो. वर्ष-दीड वर्षात ते घराबाहेर पडले नव्हते. त्यांनी ऐकलं नाही.

मंगळवारी आम्ही रिक्षानं गेलो. आप्पांच्या मांडीवर दुकानाची जुनी कापडी पिशवी होती, त्यात दोन पायजमे, पॅड, टॉवेल. प्रत्येक स्पीडब्रेकरला ते पिशवी घट्ट धरायचे आणि मी बाहेर बघायचो. दवाखान्यात त्यांनी संडासाजवळची खुर्ची धरली. नंबर यायच्या आत दोनदा आत जाऊन आले.

डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघितला. आकडा थोडा वाढला होता. घाबरण्यासारखं नाही, म्हणाले. तीन महिन्यांनी परत रक्त बघू शकतो, आत्ताच पुन्हा तुकडा काढू शकतो, किंवा इलाजाचा विचार करायचा तर तोही करता येईल. तुमचं मत काय?

मी असा भ्यालो, की माझा आवाज परत तसाच फाटला, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा. काढूनच टाका डॉक्टर, म्हटलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे.

पाठीवर हात पडला. मागच्या खुर्चीवरून आप्पांनी ठेवलेला. मी अंग आखडून घेतलं. तो हात नुसता तिथं राहिला, हलला नाही.

"पंधरा दिवसांनी येतो आमी," आप्पा डॉक्टरांना म्हणाले. "ह्याला इचार करू दे."

डॉक्टर चालेल म्हणाले. आप्पा उठले. रेक्झिनच्या खुर्चीवर ओल दिसत होती, आणि ती मला दिसली, डॉक्टरांना दिसली, दारातल्या नर्सला दिसली. आप्पांनी पिशवीतला टॉवेल काढला, सगळ्यांच्या देखत, सावकाश, खुर्ची कोरडी होईपर्यंत पुसली, टॉवेलाची घडी घातली आणि मला म्हणाले, चल.